काठावरचे बहुमत आणि तडजोडीचे राजकारण

महाराष्ट्राच्या विधानसभेत २८८ जागा आहेत आणि बहुमतासाठी १४५ आमदार लागतात. १९८५ साली काँग्रेसने १६१ जागा जिंकल्या. त्यानंतर एकाही पक्षाला स्वबळावर १४५चा आकडा गाठता आलेला नाही. १९९० मध्ये काँग्रेस १४१ वर अडली. १९९५ मध्ये शिवसेना ७३ आणि भाजप ६५ अशी युतीची बेरीज १३८ झाली. १९९९ मध्ये काँग्रेस ७५ आणि राष्ट्रवादी ५८ मिळून १३३ भरले, २००४ मध्ये याच दोन पक्षांचे १४० झाले आणि २००९ मध्ये १४४, म्हणजे बहुमताला एक कमी. २०२४ मध्ये महायुतीला प्रचंड यश मिळाले, तरी तिच्यातल्या सर्वांत मोठ्या पक्षाच्या, भाजपच्या, जागा १३२ होत्या. गेली साडेतीन दशके राज्यातले प्रत्येक सरकार मित्रपक्ष, अपक्ष किंवा बाहेरचा पाठिंबा यांच्या आधारावर उभे राहिले आहे.

अशा सभागृहात दोन प्रकारच्या तडजोडी होतात. एक सत्तेची: मुख्यमंत्रिपद कोणाला, खाती कोणाला, महामंडळे कोणाला. दुसरी धोरणाची: विधेयकातले कलम बदलणे, निधीची दिशा ठरवणे, एखाद्या भागाचा जुना प्रश्न सर्वांनी मिळून सोडवणे. महाराष्ट्राचा अनुभव तपासला तर काठावरचे बहुमत पहिल्या तडजोडीला भाग पाडते, पण दुसरी त्यातून आपोआप निघत नाही, असे दिसते. धोरणाची तडजोड बहुतेक वेळा लोकांच्या रेट्यातून झाली आणि विरोधी पक्ष, अध्यक्ष व समित्या यांचा मान राखला गेला तेव्हाच टिकली. हा फरक पाहण्यासाठी पनवेल आणि त्याभोवतीचा रायगड जिल्हा विशेष उपयोगी पडतो. शेतकरी कामगार पक्षाचा (शेकापचा) हा जुना बालेकिल्ला आहे आणि मोजक्या आमदारांच्या बळावर राज्याच्या सत्तेला हलवण्याचे प्रसंग येथूनच घडले आहेत.

एकपक्षीय वर्चस्वाचा काळ

राज्य स्थापन झाल्यानंतरच्या पहिल्या तीन निवडणुकांत अटीतटीचा प्रश्नच नव्हता. १९६२ मध्ये २६४ पैकी २१५, १९६७ मध्ये २७० पैकी २०३ आणि १९७२ मध्ये २७० पैकी २२२ जागा काँग्रेसकडे होत्या. तरीही विरोधकांचा आवाज क्षीण नव्हता. १९६२ ते १९७२ या काळात शेकापचे कृष्णराव धुळप विरोधी पक्षनेते होते. १९७२ नंतर ही जबाबदारी पनवेलचे आमदार दि. बा. पाटील यांच्याकडे आली. त्या वेळी शेकापचे अवघे ७ आमदार निवडून आले होते. २२२ विरुद्ध ७ अशा स्थितीतही विरोधी पक्षनेतेपद सत्ताधाऱ्यांनी नाकारले नाही.

१९७२च्या दुष्काळात रोजगार हमीची कामे राज्यभर पसरली. वि. स. पागे यांनी मांडलेल्या या योजनेला १९७७ मध्ये कायद्याचे रूप मिळाले. दोन्ही सभागृहांनी तो कायदा एकमताने मंजूर केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. ग्रामीण मजुराच्या रोजगारासाठी शहरी पगारदार व व्यावसायिकांनी व्यवसाय कर भरायचा, अशी त्यामागची वाटणी होती. शहर आणि गाव यांच्यातली ही मोठी तडजोड होती आणि ती सरकार वाचवण्यासाठी केलेली नव्हती. त्याआधी २८ सप्टेंबर १९५३च्या नागपूर कराराने विदर्भाला दिलेल्या आश्वासनांतून नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाची प्रथा आली. प्रादेशिक तडजोडीचा तो पाया काही वर्षांचे अपवाद सोडता सर्व पक्षांनी पाळला आहे.

१९७८ आणि पुलोद

राज्यातले पहिले खरे त्रिशंकू सभागृह १९७८ मध्ये आले. जनता पक्षाला ९९, रेड्डी काँग्रेसला ६९ आणि इंदिरा काँग्रेसला ६२ जागा मिळाल्या. एकमेकांविरुद्ध लढलेल्या दोन्ही काँग्रेस निकालानंतर एकत्र आल्या. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री आणि नाशिकराव तिरपुडे उपमुख्यमंत्री झाले. राज्यात उपमुख्यमंत्रिपद प्रथमच निर्माण झाले तेही या वाटणीपोटी. सरकार चार महिन्यांच्या आसपास टिकले. जुलैमध्ये शरद पवार काही सहकाऱ्यांसह बाहेर पडले आणि १८ जुलै १९७८ रोजी पुरोगामी लोकशाही दलाचे, म्हणजे पुलोदचे, मुख्यमंत्री झाले. जनता पक्ष आणि शेकाप या सरकारात होते. शेकापचे एन. डी. पाटील सहकारमंत्री झाले.

२७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव एकमताने केला. सभागृहात विरोध नव्हता, पण मराठवाड्यात त्यावर हिंसाचार उसळला. दलित वस्त्या जाळल्या गेल्या, माणसे मारली गेली. अंमलबजावणी १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्ताराच्या रूपाने झाली, तोवर साडेपंधरा वर्षे गेली होती. गटनेत्यांचे एकमत म्हणजे समाजाचे एकमत नव्हे, हे राज्याने फार मोठी किंमत देऊन अनुभवले. पुलोद सरकार १७ फेब्रुवारी १९८० रोजी बरखास्त झाले. ते सभागृहातल्या मतदानाने गेले नाही, केंद्रात सत्ता पालटल्यावर राष्ट्रपती राजवट लावून ते घालवण्यात आले. केंद्राच्या या अधिकाराला १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एस. आर. बोम्मई खटल्यात लगाम घातला आणि बहुमताची परीक्षा सभागृहातच व्हायला हवी, हे तत्त्व पक्के केले.

अपक्षांची किंमत

१९९५च्या निवडणुकीत ४५ अपक्ष निवडून आले. काँग्रेस (८०), शिवसेना आणि भाजप यांच्यानंतरचा हा सर्वांत मोठा आकडा होता. त्यांतले अनेक जण पश्चिम महाराष्ट्रातले काँग्रेसचेच बंडखोर होते. युतीला सात आमदार कमी पडत होते, त्यामुळे मनोहर जोशी यांचे सरकार अपक्षांच्या पाठिंब्यावर उभे राहिले आणि अपक्षांना मंत्रिपदे मिळाली. इंदापूरचे हर्षवर्धन पाटील हे त्यांपैकी एक.

या काळातली तडजोड मंत्रिपदांपाशीच थांबली नाही. कृष्णा पाणी तंटा लवादाने महाराष्ट्राच्या वाट्याला दिलेले ५६० अब्ज घनफूट पाणी २००० सालापर्यंत वापरात आणायचे होते. १९९६ मध्ये महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाले आणि कर्जरोख्यांतून पैसा उभारून धरणांची कामे सुरू झाली. शिवसेना-भाजपचा पाया मुंबई-कोकणात आणि विदर्भ-मराठवाड्यात अधिक होता. पश्चिम महाराष्ट्रातल्या पाण्याला एवढे प्राधान्य मिळण्यात लवादाच्या मुदतीइतकाच त्या भागातल्या आमदारांवर अवलंबून असलेल्या सत्तेचाही हात होता. पण प्रत्येकाला काहीतरी देण्याच्या ओघात एकाच वेळी अनेक प्रकल्प हाती घेतले गेले आणि बरेच वर्षानुवर्षे अपुरे राहिले. आमदारागणिक केलेल्या तडजोडीतून प्राधान्यक्रम ठरत नाही, हा तिचा मूळ दोष.

रायगडातून आलेला हादरा

१९९९ मध्ये काँग्रेस आणि तिच्यातूनच त्या वर्षी १० जूनला फुटून निघालेली राष्ट्रवादी काँग्रेस स्वतंत्र लढल्या आणि निकालानंतर एकत्र आल्या. १८ ऑक्टोबरला विलासराव देशमुख मुख्यमंत्री झाले, छगन भुजबळ उपमुख्यमंत्री. बारा आमदारांची तूट शेकाप, इतर छोटे पक्ष आणि अपक्ष यांनी भरून काढली. शेकापचे पाच आमदार होते. पनवेलचे विवेक पाटील त्यांतले एक, तर सांगोल्याचे गणपतराव देशमुख मंत्रिमंडळात गेले.

मुंबईत मित्र असलेले हे पक्ष रायगडात मात्र हाडवैरी होते. येथे शेकापचा सामना आधी काँग्रेसशी आणि नंतर सुनील तटकरे यांच्या राष्ट्रवादीशी होता. २००२ मध्ये जिल्हा परिषदेच्या राजकारणात राष्ट्रवादीने शिवसेनेशी हातमिळवणी केली, तेव्हा शेकापने राज्य सरकारचा पाठिंबा काढला. त्यापाठोपाठ इतर काही आमदारही फिरले. सत्ताधारी पक्षांनी आपले आमदार बंगळूर आणि इंदूर येथे नेऊन ठेवले. १३ जूनला विश्वासदर्शक ठरावावर मतदान झाले. अध्यक्ष अरुण गुजराथी यांनी सात आमदारांना अपात्र ठरवले आणि सरकार दहा मतांनी तरले.

जिल्हा परिषदेतल्या भांडणाने राज्य सरकार हलले, याचे कारण बहुमताची शिवण उसवण्यासाठी पाच आमदार पुरेसे होते. आघाडी विधानभवनात झाली होती, पण जिल्ह्यात कोणी कोणाच्या जागेवर लढायचे, पंचायत समित्या आणि सहकारी संस्था कोणाच्या, याचा निकाल लागला नव्हता. किमान समान कार्यक्रम कागदावर असला तरी तालुक्यातल्या वैराला त्यात कलम नसते. महाराष्ट्रातल्या बहुतेक आघाड्यांची ही दुखरी जागा आहे. अगदी २०२४ मध्येही पनवेलमध्ये भाजपच्या प्रशांत ठाकूर यांच्यासमोर शेकापचे बाळाराम पाटील आणि शिवसेना ठाकरे गटाच्या लीना गरड हे दोघेही उभे होते. राज्यपातळीवर हे दोन पक्ष एकाच बाजूचे होते.

२००४ मध्ये राष्ट्रवादीच्या ७१ आणि काँग्रेसच्या ६९ जागा आल्या. मोठा असूनही राष्ट्रवादीने मुख्यमंत्रिपद काँग्रेसला सोडले आणि बदल्यात जादा मंत्रिपदे घेतली. निकाल ऑक्टोबरच्या मध्यावर लागला होता, सरकार १ नोव्हेंबरला आले. मधले दिवस खात्यांच्या वाटाघाटीत गेले.

२०१४ ते २०२४: आघाड्यांची मोडतोड

२०१४ मध्ये चारही मोठे पक्ष स्वतंत्र लढले. भाजपला १२२, शिवसेनेला ६३ जागा मिळाल्या. राष्ट्रवादीने न मागता बाहेरून पाठिंबा जाहीर केला. ३१ ऑक्टोबरला देवेंद्र फडणवीस यांनी शपथ घेतली आणि १२ नोव्हेंबरला विश्वासदर्शक ठराव आवाजी मतदानाने संमत झाला. मतविभागणी न झाल्याने कोण कोणत्या बाजूला होते, याची नोंदच राहिली नाही. विरोधी बाकांवर बसलेली शिवसेना ५ डिसेंबरला सत्तेत आली.

२०१९ मध्ये भाजप १०५ आणि शिवसेना ५६ अशी युती बहुमतात आली, पण मुख्यमंत्रिपदाच्या वाटणीवरून तुटली. १२ नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट लागली. २३ नोव्हेंबरच्या पहाटे ती उठवून फडणवीस आणि अजित पवार यांचा शपथविधी झाला. सर्वोच्च न्यायालयाने २७ नोव्हेंबरपर्यंत बहुमत सिद्ध करण्याचा आदेश दिल्यावर २६ तारखेलाच फडणवीस यांनी राजीनामा दिला. २८ नोव्हेंबरला उद्धव ठाकरे मुख्यमंत्री झाले. ३० नोव्हेंबरला भाजपच्या सभात्यागानंतर विश्वासदर्शक ठरावाच्या बाजूने १६९ मते पडली.

पुढची अडीच वर्षे सभागृहातील वैर टोकाला गेले. ५ जुलै २०२१ रोजी भाजपचे १२ आमदार एक वर्षासाठी निलंबित झाले. अधिवेशनापलीकडचे निलंबन बेकायदा असल्याचे सांगून सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०२२ रोजी ते रद्द केले. विधान परिषदेतील १२ राज्यपालनियुक्त जागा राजभवनात अडकून राहिल्या. नाना पटोले यांनी फेब्रुवारी २०२१ मध्ये अध्यक्षपदाचा राजीनामा दिल्यावर जुलै २०२२ पर्यंत विधानसभेला पूर्णवेळ अध्यक्ष नव्हता. गुप्त मतदानात मते फुटतील या भीतीने सत्ताधाऱ्यांनी अध्यक्षनिवडीची पद्धतच बदलली. २० जून २०२२ च्या विधान परिषद निवडणुकीत मते फुटली आणि शिवसेनेचे एकनाथ शिंदे समर्थक आमदारांसह सुरतेला, तेथून गुवाहाटीला गेले. ठाकरे यांनी राजीनामा दिला. ४ जुलैला शिंदे सरकारने १६४ विरुद्ध ९९ अशा शिरगणतीने विश्वास मिळवला. वर्षभराने, २ जुलै २०२३ रोजी, अजित पवारही सरकारात आले.

पक्षांतरबंदीने काय साधले

१९८५च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीने दहावे परिशिष्ट आले. पक्षादेशाविरुद्ध मत देणारा किंवा गैरहजर राहणारा आमदार, पक्षाने पंधरा दिवसांत माफ न केल्यास, अपात्र ठरू शकतो. सुरुवातीला एक तृतीयांश आमदारांच्या फुटीला मुभा होती. डिसेंबर १९९१ मध्ये छगन भुजबळ यांच्या नेतृत्वाखालील शिवसेनेचा गट याच वाटेने काँग्रेसमध्ये गेला. २००३च्या एक्क्याण्णवाव्या दुरुस्तीने ही मुभा काढली आणि मंत्रिमंडळावर सदस्यसंख्येच्या १५ टक्क्यांची मर्यादा घातली. महाराष्ट्रात त्यामुळे मुख्यमंत्र्यांसह ४३ मंत्री होतात. दोन तृतीयांश आमदारांच्या विलीनीकरणाची वाट मात्र उघडी राहिली.

त्या वाटेने काय होते हे चाळीस आमदारांच्या गोवा विधानसभेत दिसले. २०१७ मध्ये काँग्रेसला १७ आणि भाजपला १३ जागा होत्या, पण छोटे पक्ष आणि अपक्ष यांना जोडून मनोहर पर्रीकर यांनी २२ विरुद्ध १६ मतांनी विश्वास जिंकला. जुलै २०१९ मध्ये काँग्रेसच्या उरलेल्या १५ पैकी १० आमदार एकदम भाजपमध्ये गेले आणि २०२२ मध्ये पुन्हा ११ पैकी ८. एकट्या आमदाराला शिक्षा आणि घाऊक पक्षांतराला संरक्षण, असा कायद्याचा उलटा परिणाम झाला.

महाराष्ट्रातल्या फुटीवर ११ मे २०२३ रोजी घटनापीठाने निकाल दिला. प्रतोद नेमण्याचा अधिकार विधिमंडळ पक्षाचा नसून राजकीय पक्षाचा आहे आणि राज्यपालांनी बहुमत चाचणी घ्यायला सांगणे समर्थनीय नव्हते, असे न्यायालयाने म्हटले. ठाकरे यांनी चाचणीआधीच राजीनामा दिल्याने त्यांचे सरकार परत आणता येत नव्हते. अपात्रतेचा निर्णय अध्यक्षांकडे गेला. १० जानेवारी २०२४ रोजी अध्यक्ष राहुल नार्वेकर यांनी शिंदे गटालाच खरी शिवसेना ठरवले आणि कोणालाही अपात्र केले नाही.

पक्षादेशाचा धाक विश्वासदर्शक ठरावापुरता ठेवावा आणि अपात्रतेचा निर्णय निवडणूक आयोगाच्या सल्ल्याने राज्यपालांनी घ्यावा, असे दिनेश गोस्वामी समितीने १९९० मध्येच सुचवले होते. २०२० मध्ये मणिपूरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही स्वतंत्र न्यायाधिकरणाचा विचार मांडला. ब्रिटनमध्ये पक्षाविरुद्ध मत दिल्याने खासदाराची जागा जात नाही, त्यामुळे विधेयकातल्या कलमावर सत्ताधारी बाकांवरूनही दुरुस्ती मागता येते. महाराष्ट्रात आमदार सरकार पाडू शकतो, पण विधेयकातला एक शब्द बदलण्यासाठी उघडपणे मत देऊ शकत नाही. धोरणाची तडजोड सभागृहात दुर्मीळ होण्याचे हे मोठे कारण आहे.

लोकांच्या रेट्यातून आलेली सहमती

पनवेल, उरण आणि ठाणे पट्ट्यातील ९५ गावांची जमीन नवी मुंबईसाठी घेतली गेली. सिडकोची स्थापना १९७० मध्ये झाली. मोबदल्याच्या प्रश्नावर दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी पोलीस गोळीबारात पाच जणांचा बळी गेला. या लढ्यातूनच संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे तत्त्व सरकारला मान्य करावे लागले. तेव्हा काँग्रेसला विधानसभेत निर्विवाद बहुमत होते. सरकारला एकाही मताची गरज नसताना झालेली ही तडजोड पुढे वेगवेगळ्या पक्षांच्या सरकारांनी चालू ठेवली.

याच पट्ट्यात सुमारे १,१६० हेक्टरांवर नवी मुंबई विमानतळ उभा राहिला. २०२१ मध्ये सिडकोने त्याला बाळासाहेब ठाकरे यांचे नाव देण्याचा प्रस्ताव केला, तेव्हा भूमिपुत्रांनी १० जूनला मानवी साखळी आणि २४ जूनला मोर्चा काढून दि. बां.च्या नावाची मागणी लावून धरली. २९ जून २०२२ रोजी ठाकरे मंत्रिमंडळाने शेवटच्या बैठकीत दि. बां.चे नाव मान्य केले. शिंदे मंत्रिमंडळाने जुलैत तोच निर्णय पुन्हा घेतला आणि ऑगस्टमध्ये विधिमंडळाने ठराव केला. एकमेकांना खोटे ठरवणाऱ्या दोन सरकारांनी महिन्याभरात एकच भूमिका घेतली, कारण आगरी-कोळी समाजाच्या मागणीत शेकाप, भाजप, काँग्रेस, शिवसेना असा भेद उरला नव्हता. अंतिम मान्यता केंद्राच्या अखत्यारीतली.

पक्षनिष्ठेपेक्षा स्थानिक प्रश्न जड ठरल्याची दुसरी खूण खारघरच्या टोलची. या टोलच्या प्रश्नावर काँग्रेसचे आमदार प्रशांत ठाकूर २०१४ मध्ये पक्षातून बाहेर पडले आणि भाजपच्या तिकिटावर निवडून आले. पक्षात राहून टोलविरुद्ध सभागृहात मत नोंदवण्याची सोय असती, तर अशा प्रश्नासाठी पक्ष सोडण्याची वेळ कमी वेळा आली असती.

सभागृहातील तडजोडीची साधने

विधिमंडळात सहमतीसाठी काही जुनी साधने आहेत: अधिवेशनाचा कार्यक्रम ठरवणारी कामकाज सल्लागार समिती, लोकलेखा समिती आणि विधेयके तपासणारी संयुक्त समिती. महिलांवरील अत्याचारांविरुद्धचे शक्ती विधेयक डिसेंबर २०२० मध्ये आले. ते संयुक्त समितीकडे गेले, बदलले आणि डिसेंबर २०२१ मध्ये एकमताने मंजूर झाले. ती वेळ १२ आमदारांच्या निलंबनाची होती, तरी समितीच्या खोलीत दोन्ही बाजूंचे काम थांबले नाही. विशेष जनसुरक्षा विधेयकावर जनतेकडून बारा हजारांहून अधिक सूचना आल्या आणि संयुक्त समितीच्या बदलांनंतर जुलै २०२५ मध्ये ते मंजूर झाले. त्याला विरोध कायम राहिला, पण मूळ मसुद्यापेक्षा वेगळा मजकूर सभागृहापुढे आला. सीमाप्रश्नावर २७ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर अधिवेशनात झालेला ठरावही एकमताचा होता.

याउलट काही साधने झिजली आहेत. २०२४ मध्ये एकाही विरोधी पक्षाला सभागृहाच्या एक दशांश, म्हणजे २९ जागा मिळाल्या नाहीत आणि त्या संकेताच्या आधारे विरोधी पक्षनेतेपद रिकामे राहिले. सात आमदारांच्या पक्षाचे दि. बा. पाटील हे पद सांभाळत होते, ते सभागृहही एकतर्फीच होते. विरोधकांना जागा द्यायची की नाही हे आकड्यापेक्षा सत्ताधाऱ्यांच्या वृत्तीवर ठरते, हे या तुलनेतून स्पष्ट होते.

उपाय नवे नाहीत, पण निकडीचे आहेत. पक्षादेश विश्वासदर्शक ठराव आणि अर्थसंकल्पापुरता ठेवला, तर इतर विधेयकांवर आमदाराला मतदारसंघाचे म्हणणे मांडता आणि नोंदवता येईल. अपात्रतेचा निर्णय मुदतीत आणि पक्षबाह्य यंत्रणेकडून झाला, तर अध्यक्षपद वादातून सुटेल. विश्वासदर्शक ठरावावर नोंदलेले मतदान सक्तीचे केले, तर बाहेरचा पाठिंबा लपून राहणार नाही. जर्मनीत विद्यमान सरकार पाडताना पर्यायी नेता त्याच मतदानात निवडावा लागतो. त्या पद्धतीने नुसत्या पाडापाडीला आळा बसेल. आघाडीचा करार लिखित असावा, सभागृहासमोर ठेवला जावा आणि त्यात जिल्ह्यांतल्या निवडणुकांचाही विचार व्हावा, कारण २००२ मध्ये सरकारला हादरा बसला तो तिथूनच. काठावरचे बहुमत हा मतदारांचा कौल असतो. त्या कौलाचा उपयोग खातेवाटपापुरता होणार की साडेबारा टक्के आणि रोजगार हमीसारखे टिकाऊ निर्णय त्यातून निघणार, हे सभागृहाच्या नियमांवर आणि ते पाळण्याच्या प्रामाणिकपणावर अवलंबून आहे.